वाचकांचे प्रश्न : पहिली बाजू चढी का वाजते?

प्रश्न : अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या जुन्या एलपीची दुसरी बाजू माझ्या पेटीशी नेमकी जुळते, पहिली मात्र थोडी चढी लागते. आमच्याकडे विजेचा दाब सतत कमी-जास्त होतो. दोष त्याचा, की रेकॉर्ड प्लेअरचा?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : दोष तुमच्या घरातला असता, तर दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असत्या. तुमच्या कानाने जे टिपले ते खरे आहे. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना 2 मार्च 1959 रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाल्या, तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होते. त्यामुळे ती टेप योग्य गतीने वाजवताच सूर चढले आणि एलपी तशाच निघत राहिल्या. दुसरी बाजू 22 एप्रिलची, म्हणून ती निर्दोष आहे. सुदैवाने 2 मार्चला शेजारी दुसरे, राखीव यंत्रही योग्य गतीने चालू होते आणि 1992च्या पुनःप्रकाशनात त्याच्या टेपवरून ही चूक दुरुस्त झाली. जुन्या एलपीवरून एकल वादन उतरवून घेणारे कितीतरी वादक तोवर चढ्या सुरांशीच झगडत होते, याची मला फार हळहळ वाटते.

नवी प्रत घेताना वेष्टनावरचे 1959 पाहून ठरवू नका, ते मूळ वर्ष असते. पुनःप्रकाशनाचे वर्ष आणि कोणती टेप वापरली, ही माहिती आतल्या टिपणात शोधा.