९८,७६,५४,३२१ चे अवयव पाडताना

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातोच, भागाकार १०,९७,३९,३६९. आता याची बेरीज ४७, म्हणजे ३ चा विषय संपला. बेरजेची युक्ती ३ आणि ९ पुरतीच आहे, ती २७ ला लावू नका.

७, ११, १३ एकदमच तपासा. दिलेल्या संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा: ३२१ − ६५४ + ९८७ = ६५४. ६५४ ला तिघांपैकी कोणीच भागत नाही, म्हणून दिलेल्या संख्येलाही नाही.

१०,९७,३९,३६९ ला १७ ने भाग जातो: ६४,५५,२५७. नवखे इथेच फसतात, लगेच १९ कडे वळतात. पुन्हा १७ नेच भागा: ३,७९,७२१.

दिलेल्या संख्येचे वर्गमूळ ३१,४२६ च्या थोडे पुढे. तिथवर जाणे म्हणजे शुद्ध हमाली. उरलेल्या भागाकाराचे वर्गमूळ ६१६ च्या आसपास, म्हणून ६१३ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. त्यांपैकी एकही भागत नाही, म्हणजे ३,७९,७२१ मूळ.

म्हणून ३² × १७² × ३,७९,७२१. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवा: ३ × ३ × २ = १८. पडताळा सोपा: ९ × २८९ = २,६०१, आणि २,६०१ × ३,७९,७२१ = ९८,७६,५४,३२१.