क्रुशिन्यानी: थकलेल्या पगारापोटी वसलेले तातारांचे गाव

पूर्व पोलंडमधील क्रुशिन्यानी या खेड्यात लाकडी मशीद कशी आली आणि त्या गावाचा भूगोल व इतिहास काय, असे आपण विचारले आहे. पोलंडच्या इतिहासातील हे माझे अत्यंत आवडते प्रकरण आहे.

क्रुशिन्यानी हे गाव ब्यावीस्तोक शहराच्या पूर्वेस सुमारे ५० किलोमीटरवर, बेलारूसच्या सीमेला जवळजवळ लागून आहे. शहरापासून गावाकडे जाताना वाटेत क्निशिन अरण्याचा पट्टा लागतो. हिमयुगातील हिमनद्यांनी आणून टाकलेली रेताड जमीन, उथळ टेकाडे आणि दीर्घ हिवाळा असा हा प्रदेश असून येथे पीक मुख्यतः राय या धान्याचे व बटाट्याचे निघते.

ही जमीन तातारांकडे आली ती थकलेल्या पगारापोटी. चौदाव्या शतकापासून लिथुआनियाच्या राजवटीत स्थायिक झालेले हे मुस्लिम घोडेस्वार पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्याच्या सैन्यात चाकरी करीत. मात्र पगार थकल्यामुळे आणि धार्मिक हक्कांवर गदा आल्यामुळे १६७२ मध्ये त्यांच्या काही पथकांनी बंड करून तुर्कांची बाजू घेतली. पुढे यान सोब्येस्की राजा झाला. त्याच्या खजिन्यात रोकड नव्हती, म्हणून १६७९ मध्ये त्याने क्रुशिन्यानी, बोहोनिकी आणि आसपासच्या गावांतील खालसा जमिनी तातार सैनिकांना थकबाकीच्या बदल्यात दिल्या. क्रुशिन्यानी मिळाले ते कर्नल सामुएल मुर्झा क्शेचोव्स्कीला व त्याच्या सैनिकांना. तुर्कांविरुद्धच्या १६८३ च्या पार्कानीच्या लढाईत याच कर्नलने राजाचे प्राण वाचवले, अशी आख्यायिका गावात सांगतात. मला यातील व्यवहार अधिक बोलका वाटतो, कारण सातच वर्षांपूर्वी ज्यांच्यातील काही जण शत्रूला मिळाले होते, त्याच समाजाला राजाने सरहद्दीवरील जमीन देऊन कायमचे आपलेसे केले.

स्थानिक स्त्रियांशी विवाह होत गेल्याने त्यांची तुर्की भाषा लवकर लोपली. नंतरचे धर्मग्रंथ त्यांनी अरबी लिपीत, पण स्लाव्ह भाषेत लिहिले. मशीदही त्याच घडणीची आहे: बाहेरून हिरवी, दोन मनोऱ्यांची, लांबून पाहता एखादे खेड्यातील चर्चच वाटावी अशी, आत मात्र दक्षिणेस मिहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, भिंतींवर कुराणातील आयतींच्या तसबिरी आणि स्त्रियांसाठी वेगळी खोली. बोहोनिकीची मशीद व ही, अशा दोनच जुन्या लाकडी मशिदी आजच्या पोलंडमध्ये उरल्या आहेत. सहा पातळ पापुद्र्यांच्या पेरेकाचेव्निक या तातारी पदार्थाला २००९ मध्ये युरोपीय संघाने पारंपरिक खाद्यपदार्थ म्हणून संरक्षण दिले.

आज गावात तातार कुटुंबे थोडीच राहिली आहेत आणि शेजार बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे. टेकडीवरील कब्रस्तानात अरबी मजकुराखाली कुठे रशियन, तर कुठे पोलिश अक्षरे दिसतात. गावावर कोणाचे राज्य होते ते या दगडांवरून वाचता येते. २०२१ मध्ये बेलारूसच्या सीमेवरील जंगलात मृत्युमुखी पडलेल्या काही परदेशी स्थलांतरितांना बोहोनिकीतील तातारांनी आपल्याच कब्रस्तानात दफन केले.