हाडांच्या ठिसूळपणावर गोळी, सलाइन की इंजेक्शन?

प्रश्न : वय 66. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारी) खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 2.9 आला. अ‍ॅलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी घेते, पण छातीत फार जळजळतं. डॉक्टरांनी वर्षातून एकदा सलाइन किंवा दर सहा महिन्यांनी इंजेक्शन, असे दोन पर्याय दिलेत. कोणता निवडू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी गोळी कशी घेता ते तपासा. सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास ना चहा, ना आडवं होणं. गोळी घेऊन पुन्हा अंथरुणावर पडलं की ती अन्ननलिकेत रेंगाळून जखम करते. जळजळ थांबावी म्हणून लगेच अँटासिड घेतलंत, तर औषधच वाया जातं. सगळं पाळूनही त्रास होत असेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) ठीक असेल तर आमचा कौल सलाइनला. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम, निदान 15 मिनिटं सावकाश. पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येते, पॅरासिटामॉल पुरतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पिऊन जाऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडं रक्त किती वेगाने गाळतात तो आकडा) 35 च्या खाली असेल, तर हे देतच नाहीत. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून काढायचं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरतं.

सहा महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे डेनोसुमॅब, 60 मिलिग्रॅम. हाडांची घनता याने जास्त वाढते, मूत्रपिंडं कमजोर असली तरी देता येतं (कॅल्शियमवर मात्र करडी नजर हवी). पण ते मध्येच सोडता येत नाही. तारीख लांबली की हाडं झपाट्याने झिजतात, एकापाठोपाठ मणके दबतात. थांबवायचंच झालं, तर मागोमाग गोळी किंवा सलाइन लागतं. मुलाकडे पुण्याला गेले आणि राहून गेलं, असं इथे चालत नाही!

मणका आधीच दबलेला असेल तर हिशेब बदलतो. मग आधी टेरिपॅराटाइड या नवं हाड घडवणाऱ्या इंजेक्शनचा विचार होतो : रोज 20 मायक्रोग्रॅम, दोन वर्षांपर्यंत, आणि त्यानंतर हाडं टिकवणारं दुसरं औषध. रॅलॉक्सिफेन ही आणखी एक गोळी मणक्यांना उपयोगी, खुब्याला नाही. तुमचं दुखणं खुब्याचं.

दात काढायचे असतील तर सलाइनच्या आधी काढून घ्या. भाकरी आणि शेंगाचटणीतून पुरेसं कॅल्शियम मिळत नाही. दूध, ताक, नाचणी रोज हवी. तीन सलाइननंतर पुन्हा डेक्सा करून औषध थांबवायचं का ते ठरतं. मधल्या काळात मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं, तर वातावर न ढकलता एक्स-रे काढा.