सुट्ट्याऐवजी चॉकलेट

जय भीम पोरी,

तुझा मेसेज वाचला. क्लास लावायला पुण्याला जाऊ की जालन्यातच अभ्यास करू, हे विचारता विचारता खरा प्रश्न तू शेवटी हळूच टाकलास : "काका, मला एक मेंटॉर पाहिजे." मोबाइलवरच्या कुणाला तरी वर्षभर ऐकतेस म्हणे. तो रोज सांगतो, तू वाघीण आहेस. आणि चाचणीत गणिताचे मार्क मात्र तिथल्या तिथंच.

मी किराणावाला माणूस. गल्ल्यात सुट्टा रुपया नसला की गिऱ्हाइकाच्या हातावर मँगो बाइट ठेवतो. लेकरं खूश होतात. म्हाताऱ्या मात्र "मला माझा रुपया दे" म्हणून अडून बसतात, आणि बरोबर त्यांचंच असतं. तुझा तो वाघीणवाला दुसरं काय करतोय? चूक दाखवायचं देणं होतं, हातावर गोळी ठेवली.

अभय राजकुमाराची गोष्ट सांगतो. बुद्धांना पेचात पकडायला तो प्रश्न घेऊन आला होता : तथागत, म्हणजे स्वतः बुद्ध, कुणाला न आवडणारं बोलतात का? त्याच्या मांडीवर तान्हं लेकरू होतं. बुद्धांनी विचारलं, ह्यानं काडी नाहीतर खडा तोंडात घातला तर काय करशील? अभय म्हणाला, डोकं धरीन, बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन, कारण लेकराची दया येते. बुद्ध म्हणाले, माझंही तसंच. जे खरं आहे, हिताचं आहे, ते कडू असलं तरी मी बोलतो, फक्त वेळ बघून. (हे शेवटचं मारकुट्या मास्तरांनी नीट वाचावं. रक्त काढणं हा मुद्दा नाहीच.)

असा माणूस म्हणजे कल्याणमित्र. बुद्धांचे शिष्य आनंद म्हणाले होते, कल्याणमित्र म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य, म्हणजे धम्माचं अर्धं जगणं. बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस आनंद, सगळंच.

एका बाबतीत चॉकलेटवाल्यांना मानावं लागतं. 'मेलडी खाओ, खुद जान जाओ' आणि आपल्या वंदनेतलं 'एहिपस्सिको', ये आणि बघ, इथवर दोघांचं जमतं. पण मेलडीला उलट प्रश्न विचारता येत नाही. मी मिलिंद कॉलेजात शिकलो. बाबासाहेबांनी 1950 साली ते काढलं. नाव मिलिंद राजाचं, परिसर नागसेनवन. राजा प्रश्न विचारणारा, नागसेन उत्तरं देणारे भिक्खू, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं. नागसेन राजाला म्हणाले, पंडितासारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं नको. पंडिताचं म्हणणं खोडलं तरी तो रागवत नाही, राजा दंड करतो. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, तर उपाध्यायाचीच, म्हणजे गुरूचीच, दृष्टी भरकटली तर शिष्यानं त्याला आवरावं असं सांगितलंय. तुझ्या वाघीणवाल्याला एकदा कॉमेंटमध्ये विचारून बघ, "सर, हे चुकलं का?" ब्लॉक केलं तर कळव.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं. मागच्या तीन चाचण्यांचे पेपर घेऊन ये. गणित मला झेपत नाही, त्याला दुसरं माणूस शोधू. निबंध मी बघतो, लाल पेन आणून ठेवलाय. माझं चुकलं तर तिथंच सांग, घरी जाऊन आईला नको.

आणि हो, दिवाळीत साखर नेलीस तेव्हा तुझा एक रुपया राहिला होता. तोही घेऊन जा.

तुझा,
दुकानवाला काका