प्रश्नोत्तरे : परदेशाचा रोजगार, आपला रोजगार आणि मधला घोळ

पत्रं वेगवेगळ्या तालुक्यांतून येतात, घोळ मात्र एकच. दोन देशांचे, नाहीतर दोन सालांचे आकडे शेजारी मांडायचे आणि कोण पुढे, कोण मागे ते ठरवून मोकळं व्हायचं. त्यातले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : भारताचा बेरोजगारी दर 2023-24 मध्ये 3.2 टक्के, जर्मनीचा 2024 मध्ये 6 टक्के. मुलाखतीत ‘आपण जर्मनीच्या पुढे’ म्हटलं तर चालेल का? (परीक्षार्थी, दारव्हा)

नाही चालणार. आपला 3.2 हा पीएलएफएस, म्हणजे सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीतला ‘नेहमीच्या स्थिती’चा दर आहे. त्यात मागचं अख्खं वर्ष विचारतात आणि वर्षात 30 दिवस जोडकाम केलेला माणूसही रोजगारात धरतात. जर्मनीचा 6 टक्के हा तिथल्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवलेल्यांचा. आठवड्याला 15 तासांपेक्षा कमी काम करणाराही तिथे बेरोजगार म्हणून नोंदलेला राहू शकतो. जर्मनीचाच आंतरराष्ट्रीय व्याख्येनं काढलेला दर त्या वर्षी साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. शिवाय जिथे बेकारभत्ता नाही तिथे गरिबाला बेकार राहणं परवडतच नाही. तो मिळेल ते करतो आणि दर खाली दिसतो.

प्रश्न : बेरोजगारी घटली म्हणजे रोजगार वाढला ना? (आर्वी)

नाही. थकून काम शोधणं सोडलेला माणूस बेरोजगारांत मोजत नाहीत.

प्रश्न : नेपाळमध्ये 2008 साली श्रमबाजारातला सहभाग 83.4 टक्के होता, 2017-18 मध्ये 38.5. ‘दहा वर्षांत निम्मा देश घरी बसला’ असा ग्राफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. खरं आहे का? (शिक्षिका, ब्रह्मपुरी)

आकडे दोन्ही खरे, ग्राफ खोटा. सहभाग म्हणजे काम करायच्या वयाच्या लोकांत काम करणारे आणि काम शोधणारे मिळून किती. ही घसरण मुख्यतः मोजायच्या नियमातली आहे. श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या 19व्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 2013 मध्ये ठरवलं, की रोजगार म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेलं काम. मुख्यतः घरी खाण्यापुरतं पिकवणारा शेतकरी त्यामुळे रोजगाराच्या बाहेर गेला. तो राबतो हे परिषदेला मान्य आहे, पण ‘स्वतःच्या वापरासाठीचं उत्पादन’ म्हणून त्याचा रकाना वेगळा केला. नेपाळनं 2017-18 ची पाहणी या नव्या नियमानं केली. बेरोजगारांना ज्या आकड्यानं भागतात तो, म्हणजे काम करणारे आणि शोधणारे मिळूनचा भाजकच आटला, म्हणून बेरोजगारी दरही 2.1 वरून 11.4 वर चढला.

तुमच्या भागातलंच उदाहरण घ्या. एक बाई घरच्या दीड एकर बांधीत रोवणी, निंदण, कापणी मिळून वर्षाला चाळीसेक दिवस राबते. मजुरी नाही, धान सगळं घरी खायला. आपल्या वर्षभराच्या नियमानं ती रोजगारात, कारण 30 दिवस भरले. पाहणीवाला मार्चमध्ये आला आणि त्यानं फक्त मागच्या सात दिवसांचं विचारलं, तर ती श्रमबाजाराबाहेर. रोवणीच्या आठवड्यात आला असता तर तासाभराच्या कामावरही आत आली असती. 2013 च्या नियमानं ती रोवणीतही बाहेरच. धान विक्रीसाठी असेल तर त्या नियमानंही ती आत येते. अमेरिकेत मात्र घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याचे आठवड्याला 15 तास भरावे लागतात. बाई तीच, बांधी तीच.

म्हणून शेतीवरचे देश एकमेकांशी किंवा स्वतःच्या जुन्या सालांशी ताडताना आधी व्याख्या पाहायची. एकाच पाहणीतही जपून वाचा. आपल्याकडे 15 वर्षांवरच्या बायकांचा सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7. ही तुलना वैध आहे. पण वाढीचा मोठा वाटा ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे आणि बिनपगारी मदतनीसही त्यातच येतात. कामाच्या प्रकाराचा तक्ता न उघडता ‘बायकांना नोकऱ्या लागल्या’ असं वर्गात सांगू नका. ग्राफ फळ्यावर लावण्याआधी जिल्हा सांख्यिकी कार्यालयात किंवा विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात एकदा दाखवून घ्या. फॉरवर्ड केलेला संदेश हा स्रोत नव्हे.

प्रश्न : 2023-24 चा दर 3.2 आणि एप्रिल 2025 चा 5.1. बेरोजगारी वाढली? (कारंजा)

यावरून तसं म्हणता येत नाही. पहिला मागचं वर्ष विचारून काढलेला, दुसरा ‘चालू आठवड्या’चा, म्हणजे फक्त मागचे सात दिवस विचारून. 2023-24 चा आठवडी दर 4.9 होता. जानेवारी 2025 पासून पाहणीची रचनाही बदलली आहे, त्यामुळे 4.9 आणि 5.1 सुद्धा सरळ एका रेषेवर ठेवू नका.

प्रश्न : प्रकल्पासाठी पाच देशांचा वीस वर्षांचा आलेख काढायचा आहे. कसा काढू? (बी.ए., मोर्शी)

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आयएलओस्टॅट संकेतस्थळावरून पाचही देशांचं ‘लोकसंख्येतलं रोजगाराचं प्रमाण’ एकाच तक्त्यातून घ्या. एक देश इथून, दुसरा तिथून, असं नको. वयोगट सगळ्यांचा एकच हवा. जपानसारखा म्हाताऱ्यांचा देश असेल तर 15 वर्षांवरचे सगळे न घेता 25 ते 54 घ्या, नाहीतर तुम्ही रोजगाराऐवजी वय मोजाल. तळटिपेत मालिका तुटल्याची, म्हणजे मोजायची पद्धत बदलल्याची खूण असेल तिथे रेघ तोडा, जोडू नका. युरोपीय संघातल्या देशांची व्याख्या 2021 पासून बदलली, तिथे हमखास चुकतं. प्रारूपावरून (गणिती मॉडेलवरून) काढलेले अंदाज आणि प्रत्यक्ष पाहणीचे आकडे मिसळू नका. अंदाज सुधारले की मागची सालंही बदलतात, म्हणून आकडे उतरवल्याची तारीख लिहून ठेवा. मग मार्गदर्शकांना दाखवा, आणि ते सादरीकरणाच्या आदल्या रात्री नको.

प्रश्न : एजंटच्या पत्रकावर ‘जपानमध्ये बेरोजगारी फक्त 2.5 टक्के, नोकरी पक्की’ असं आहे. दीड लाख मागतो. भरू का? (मूल)

भरू नका. 2024 चा जपानचा आकडा बरोबर आहे, म्हणूनच तो छापतात. त्या दरावरून तुम्हाला व्हिसा मिळेल का, भाषेची परीक्षा निघेल का, पगार किती, यातलं काहीच कळत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटचा नोंदणी क्रमांक तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. वरचे पैसे ‘कोर्स फी’ म्हणून मागत असेल तर पावती आणि करारपत्र आधी मागा, आणि ते घेऊन मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक (प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स) या सरकारी कार्यालयाशी बोला. ‘आजच जागा संपतात’ म्हणाला, तर संपू द्या.

प्रश्न : चीनच्या तरुणांची बेरोजगारी जून 2023 मध्ये 21.3 टक्के, डिसेंबरमध्ये 14.9. इतक्या लवकर कशी उतरली? (तुमसर)

मध्ये आकडा छापणं थांबवलं आणि परत सुरू करताना शिकणारी मुलं वगळली. दोन्ही आकडे फक्त शहरांचे आहेत.