दहा मिनिटे म्हणजे किती?

"घरी आमचे व्यवस्थित चालते, पण प्रवासाला निघालो की दुसऱ्याच दिवशी अबोला सुरू होतो, मग आमचे मुळातच पटत नाही असे समजायचे का?" हा प्रश्न घेऊन रत्नागिरीतील माझ्या समुपदेशन कक्षात अनेक जोडपी येतात. त्यांतील एका जोडप्याची हकीकत, दोघांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

तो छायाचित्रकार, लग्नसराईत लग्नांची कामे घ्यायची आणि उरलेल्या दिवसांत किनाऱ्याची छायाचित्रे काढायची, असा त्याचा क्रम. ती माध्यमिक शाळेत शिक्षिका. मे महिन्यात स्वतःच्या गाडीने कन्याकुमारी गाठायची आणि तेथून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ ने श्रीनगरपर्यंत जायचे, असे दोघांनी ठरवले होते. त्याची रंगीत तालीम म्हणून डिसेंबरात ते जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडून हेदवी, गुहागर, दाभोळ असे करत चार दिवसांसाठी हर्णैला निघाले, आणि तिसऱ्याच दिवशी घरी परतले. मेचा बेत रद्द करावा का, एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते.

बिनसले ते हेदवीला. तेथील बामणघळीत भरतीचे पाणी खडकाच्या अरुंद भेगेत घुसून उंच उसळते. आपल्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती भर दुपारच्या सुमारास येते आणि पुढे ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे तिथी पाहून त्याने तो दिवस मुद्दाम निवडला होता. गाडीतून उतरताना तो म्हणाला, "दहा मिनिटं." ती दोन तास देवळाच्या पायरीवर उपाशी बसून राहिली. पुढे धोपाव्याला पोहोचेपर्यंत दाभोळला नेणारी फेरीबोट सुटलेली, आणि हर्णैला पोहोचेपर्यंत अंधार पडून किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव संपलेला. सुवर्णदुर्गासमोर भरणारा तो लिलाव पाहायचा, एवढी एकच गोष्ट तिने या प्रवासात मागितली होती. "समुद्र तुझ्यासाठी थांबत नाही, म्हणून मी थांबायचं," असे ती त्याला म्हणाली आणि त्यानंतर बोललीच नाही.

जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांच्या संवादातील चार घातक सवयी सांगितल्या आहेत: टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि अबोल्याची भिंत. त्यांतील तुच्छता मी सर्वांत आधी शोधते, कारण ती आढळली असती तर पुढचा प्रवास लांबणीवर टाका असे मी स्पष्ट सांगितले असते. येथे ती नव्हती. टीका आणि अबोला मात्र भरपूर होता. (उपाशीपोटी झालेले भांडण मी अर्धेच हिशेबात धरते, हेही सांगून टाकते.)

माझा पहिला सल्ला साफ चुकला. एक रविवार कॅमेऱ्याविना घालवा, असे मी सुचवले आणि ती दोघे भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन आली. "मॅडम, कॅमेरा घरी होता, पण हा सारखा बोटांची चौकट करून बघत होता. शेवटी मलाच दया आली," असे तिने सांगितले तेव्हा, कॅमेऱ्यालाच मी सवत ठरवून बसले होते, हे माझ्या लक्षात आले.

पुढच्या भेटीत मी तिला विचारले की दोन तासांतील नेमके काय लागले. ती म्हणाली, "दोन तास सांगितले असते तर मी गावात जाऊन जेवून आले असते. दहा मिनिटांसाठी कुठे जाणार?" किती वेळ थांबायचे हे ठाऊक नसले की तेवढाच वेळ कितीतरी लांब वाटतो, हा अनुभव एस.टी.च्या थांब्यावर आपण सर्वांनीच घेतलेला आहे. त्याला विचारले तेव्हा बऱ्याच वेळाने त्याने कबूल केले की ही छायाचित्रे त्याला विकायची होती, पण "म्हणजे सुट्टीतही कामच ना" हे ऐकावे लागेल या भीतीने त्याने ते लपवले होते. ती सुट्टीवर निघाली होती, तो कामावर. आणि दोघेही त्याला 'फिरायला जाणे' म्हणत होती.

म्हणून नकाशा आणि भरती-ओहोटीचे कोष्टक समोर ठेवून आम्ही थांबे वाटून घेतले. दिवसाकाठी एक थांबा त्याच्या कामाचा, त्याचा खरा वेळ आदल्या रात्री सांगायचा आणि तिने तो हवा तसा घालवायचा. एक थांबा तिचा, तेथे कॅमेरा असला तरी घड्याळ तिचे. वेळ वाढणार असेल तर खडकावरून हात हलवायचा नाही, परत येऊन सांगायचे. कन्याकुमारीचा बेत त्यांनी ठेवला, फक्त रोजचे अंतर कमी करून दिवस वाढवले.

निघण्यापूर्वी, एप्रिलच्या एका शनिवारी, ती दोघे राहिलेला लिलाव पाहायला हर्णैला गेली. रस्ता चुकण्यावरून दापोलीजवळ एकदा वाजलेच. संध्याकाळी बोटी लागल्या तेव्हा तो "दहा मिनिटं" म्हणून पुढे गेला आणि तिने सवयीने घड्याळ पाहिले. तो बावीस मिनिटांनी आला. पण मध्ये एकदा, ओल्या पायांनी गर्दीतून वाट काढत, आणखी बारा लागतील असे सांगून गेला होता.