दगड टणक, तरी खाणीची भिंत का ढासळते?

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमची काळ्या दगडाची खाण आहे. खोली १८ मीटर, भिंत जवळजवळ सरळ उभी. दगड सुरुंगाशिवाय फुटत नाही, तरी दर पावसाळ्यात खांबासारखे तुकडे खाली येतात. मधे तांबड्या मातीचा हातभर पट्टा आहे. उतार किती ठेवावा?

उत्तर : भिंत टिकते की नाही हे दगडाच्या टणकपणापेक्षा त्यातल्या सांध्यांवर, म्हणजे नैसर्गिक भेगांवर, ठरतं. तुमच्याकडे मूळ दुखणं बहुधा तो तांबडा पट्टा आहे. लाव्हाच्या दोन थरांमधला हा ‘रेड बोल’ भिजला की मऊ पडतो, वाळला की भुगा होऊन गळतो. तो आत झिजत गेला की वरचे उभ्या सांध्यांचे खांब अधांतरी होऊन पुढे कलंडतात. त्यामुळे नुसता उतार कमी करून भागणार नाही. पट्ट्याच्या डोक्यावरच पायरी पाडा, म्हणजे माती झिजली तरी पायरीची कड जाईल, वरच्या भिंतीचा पाया नाही. उघड्या पट्ट्यावर जाळी मारून शॉटक्रीट (दाबाने फवारलेलं काँक्रीट) करा, पण पाणी निघायला भोकं ठेवा. नाहीतर मागे साचलेलं पाणीच तो थर ढकलून देईल.

१८ मीटरचे ६-६ मीटरचे तीन टप्पे करा. प्रत्येक टप्प्याचा दर्शनी उतार ७५ अंश आणि मधल्या दोन पायऱ्या ६-६ मीटर रुंद धरल्या, तर एकूण उतार सुमारे ४७ अंश येतो. पायरी मात्र साफ ठेवा. राडारोड्याने भरलेली पायरी म्हणजे दगडांसाठी घसरगुंडीच. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. आधी सांध्यांचा कल होकायंत्र-क्लिनोमीटरने (दिशा आणि कलाचा कोन दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजा. सांधे खाणीच्या बाजूला ३०-३५ अंशांहून जास्त पण दर्शनी उतारापेक्षा कमी कलत असतील, तर ७५ अंश टिकणार नाही. भिंत सांध्याच्या कलाइतकी मागे घ्यावी लागेल.

सुरुंगानेही भिंत बिघडते. शेवटच्या भिंतीलगत प्रीस्प्लिट करा, म्हणजे मुख्य सुरुंगाआधी भिंतीच्या रेषेवर जवळजवळच्या होलांची एक रांग उडवून चीर पाडून घ्या : होलमधलं अंतर व्यासाच्या १० ते १२ पट, म्हणजे १०० मि.मी. होलला साधारण १ मीटर. स्फोटक होलपेक्षा बारीक, डिटोनेटिंग कॉर्डला (स्फोटक भरलेल्या दोरीला) बांधलेलं. त्याच्या पुढच्या रांगेतला चार्जही (होलमधलं स्फोटक) कमी ठेवा. खालच्या टप्प्याची कड जिथे येणार तिथे वरच्या टप्प्याचे होल त्याच्या तळाखाली नेऊ नका, ती कड आधीच फुटून बसते.

माथ्यावरचा मुरूम वेगळाच. मेटलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ नुसार त्याचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, किंवा १.५ मीटरपर्यंत उंचीच्या, निदान तितक्याच रुंद पायऱ्या हव्यात. काठापासून ३ मीटरच्या आत झाड किंवा सुटे दगड ठेवता येत नाहीत. भिंत पायथ्याशी पोखरायलाही बंदी आहे. पोकलेनवाल्याला हे रोज सांगावं लागतं.

प्रश्न : माथ्यावर भिंतीला समांतर भेग पडली आहे. सिमेंटने बुजवावी का?

उत्तर : नको. सिमेंट थोड्याच हालचालीने तडकतं. चिकणमातीने तोंड बंद करा आणि वरून येणारं पाणी चर खणून वळवा. ५ मीटर खोल भेग पाण्याने भरली तर भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे १२.५ टनांचा रेटा बसतो. निम्मीच भरली तर ३ टनांच्या आसपास. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, रोज ठरलेल्या वेळी त्यांच्यातलं अंतर मोजून वहीत लिहा. वाढ कालच्यापेक्षा आज जास्त दिसली, की त्या भिंतीखालची माणसं आणि डंपर लगेच हलवा.